तलावाच्या काठावर साक्षगंध

माझं गर्भाशय काढलं त्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रोज सकाळी चालायचं." मी विचारलं, "कुठे?" त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. पण मी खरंच विचारत होते. पन्नाशीपर्यंत मी नागपुरात पुष्कळ पायपीट केली होती, पण दर वेळी कुठेतरी पोचायचं असायचं. सीताबर्डीला अस्तराचं कापड आणायला, पोरीला शाळेत सोडायला, दळण घेऊन चक्कीवर. मी घरीच ब्लाऊज शिवते. काम नसताना घरातून निघायचं, नुसतं चालायचं आणि परत यायचं, हे माझ्या आईनं कधी केलं नव्हतं आणि मीही नाही.

आमच्या वस्तीला लागूनच तलाव आहे. त्याच्या काठानं सार्वजनिक बाग. पहिल्या दिवशी मी हातात कापडी पिशवी घेऊन गेले. कुणी ओळखीचं भेटलं तर भाजीला निघाले म्हणून सांगता यावं. असे काही दिवस गेले. मग एकदा एक बाई मागून झपझप आल्या आणि माझ्या बरोबरीनं चालू लागल्या. केस पांढरे, साडी सुती, पायात कॅनव्हासचे बूट.

"पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग उद्यापासून घरी ठेवून या. हात मोकळे सोडून चाला, खांदे दुखणार नाहीत."

त्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागले. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, पण आमची ओळख झाली ती तलावावर.

बाग म्हणजे फार काही नव्हती. दगडी बांध, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, कडुनिंब, करंज, मधूनमधून मोडके बाक. सकाळी आमच्यासारखे चालणारे, दुपारी सावलीत पत्ते खेळणारे म्हातारे, कॉलेज बुडवून आलेली पोरं-पोरी. खरी गर्दी मे महिन्यात. आमच्याकडची घरं टिनाची. दिवस मावळला तरी भिंती तव्यासारख्या तापलेल्या, आणि लाइट गेली की कूलर बंद. मग सगळी वस्ती डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तलावावर यायची. पाण्यावरून वारा यायचा तोही काही गार नसायचा, पण वारा असायचा. माझी मुलगी बारावीला होती तेव्हा घरी माझ्या मशीनचा आवाज, म्हणून ती करंजाखालच्या बाकावर जाऊन बसायची. पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स केला तोही अर्धा त्याच बाकावर. कुणी तिला तिथून उठवलं नाही. आमच्या घरात तिची अशी स्वतंत्र जागा नव्हती. तलावावर होती.

एका हिवाळ्यात फाटकाशी मोठा बोर्ड लागला. त्यावर रंगीत चित्र. आमचाच तलाव, पण ओळखू येत नव्हता. काठावर हिरवंगार लॉन, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्यांच्या रांगा, लग्नाचं स्टेज, पाण्यावर तरंगतं हॉटेल. कडुनिंब नाही, करंज नाही, त्यांच्या जागी सरळसोट ताडासारखी झाडं. चित्रातल्या माणसांत आमच्यासारखं एकही नव्हतं. खाली लिहिलं होतं, सौंदर्यीकरण.

बोर्डाच्या मागोमाग खाकी कपड्यातला गार्ड आला. सकाळी मी आणि ताई आत शिरू लागलो तर त्यानं हात आडवा केला.

"काकू, कुठी चालल्या? काय काम आहे?"

मला एकदम लाज वाटली. इतक्या वर्षांत त्या फाटकात मला कुणी काम विचारलं नव्हतं. म्हणूनच तर मी तिथे जात होते.

ताई म्हणाल्या, "काही काम नाही. म्हणूनच आलो." आणि त्याचा हात अलगद बाजूला करून आत गेल्या. मी त्यांच्या मागे.

तो काही वाईट माणूस नव्हता. दोन-तीन दिवस त्यानं आम्हाला असंच जाऊ दिलं. मग बागेच्या चहूबाजूंनी पत्रे उभे राहिले. निळे, माणसाच्या डोक्याहून उंच. फाटकाला साखळी पडली. काम चालू आहे, प्रवेश बंद.

आम्ही पाच-सहा बाया ज्या खात्याकडे तलाव होता त्याच्या कचेरीत गेलो. साहेब चांगले होते, बसा म्हणाले, पाणी मागवलं. म्हणाले, "अहो, हे सगळं तुमच्यासाठीच तर आहे."

ताईंनी विचारलं, "मग आम्हालाच बाहेर काहून ठेवलं?"

"विकास पूर्ण होईपर्यंत फक्त."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर नाममात्र प्रवेश शुल्क राहील. देखभाल कंपनी करणार आहे ना. लांब मुदतीचा करार आहे."

"आणि लॉनवर ज्याचं लग्न असेल त्या दिवशी?"

साहेबांनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवलं.

परत येताना आम्ही ऑटो केला. ताई रस्त्याकडे बघतच बोलल्या. "माझ्या वडिलांनी इथे दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तेव्हा आईच्या पोटात मी होते. वडील सांगायचे, त्यांच्या गावात विहिरीवर आपल्या लोकांना घडा लावता येत नव्हता. कुणीतरी वरून ओतायचं आणि ह्यांनी खाली ओंजळ धरायची. पाण्यापर्यंत चालत जायला आमच्या लोकांनी मार खाल्ला आहे. आणि आता मी तिकीट काढून पाणी बघायला जाऊ?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ऑटोवाल्यानं मात्र आरशातून मागे पाहिलं.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की आपली फिरायची सोय गेली, वाईट झालं. त्यानंतर ती नुसती फिरायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीच्या वेळेला फाटकावर जमलो. आत जाता येत नव्हतं म्हणून पत्र्याच्या कडेनं, बाहेरच्या रस्त्यावरून चालायला सुरुवात केली. चालता चालता मी पत्र्यावर हात मारला. मुद्दाम नाही, रागानं. पत्रा असा दणाणला की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. मागच्या बाईनं मारला. तिच्या मागचीनं मारला. तलावाला अर्धी फेरी होईपर्यंत आमच्या हाताचे तळवे लाल झाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लाटणं आणलं.

रोज सकाळी तो आवाज व्हायला लागला. समोरच्या फ्लॅटमधले लोक आधी चिडले, मग खिडकीतून बघायला लागले, मग त्यांच्यातले काही खाली उतरले. पत्ते खेळणारे म्हातारे आले. एकानं घरून स्टीलचा डबा आणला होता, तो त्याच्या बायकोला परत हवा होता, तिनं येऊन त्याच्याशी भांडण केलं आणि मग तीही थांबली.

कंपनीचा मॅनेजर एकदा बाहेर आला. निळा शर्ट, इस्त्रीची पँट, तोंडात साखर. हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा ना. आवाज कशासाठी करता?"

मी म्हटलं, "चालायचं आहे."

"चाला ना मग. कोण अडवतं?"

"तुमचा पत्रा अडवून राहिला."

तो हसला आणि आत गेला. मला त्याचं हसणं बरेच दिवस टोचत राहिलं.

याच सुमारास मुलीचं लग्न जमलं. माझ्या नवऱ्याचा लोडिंग ऑटो आहे. कळमन्याच्या बाजारातून संत्री-मोसंबी शहरातल्या दुकानांना पोचवायची, हे त्यांचं काम. तिथे नरखेडकडून माल घेऊन येणाऱ्या एका बागायतदाराशी त्यांची ओळख झाली. त्यांचा मुलगा तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. मुला-मुलीनं एकमेकांना पाहिलं, फोनवर बोलले, आणि होकार दिला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे करायचं ठरलं. आमचं घर दोन खोल्यांचं. पाहुणे कुठे बसवायचे या काळजीनं ह्यांची झोप उडाली होती.

आणि एका संध्याकाळी तो मॅनेजर पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आमच्या घरातली बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. वस्तीत काय लपून राहतं?

"काकू, अभिनंदन," खुर्चीवर बसत तो म्हणाला. "आमच्या लॉनचा पहिला भाग महिनाभरात तयार होतोय. पहिला कार्यक्रम तुमच्याच मुलीचा व्हावा अशी आमची इच्छा आहे. मंडप, फुलं, जेवण, सगळं आमच्याकडून. तुम्ही फक्त पाहुणे आणायचे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला लगेच कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात माल उतरवणारा माणूस. त्यांना व्याह्यांना लॉनवर उतरवायचं होतं.

"आणि आमच्याकडून काय पाहिजे?" मी विचारलं.

"काहीच नाही. दोन-चार फोटो काढू. लोकांना कळू द्या की ही जागा त्यांचीच आहे."

तो गेल्यावर घरात भांडण झालं. हे म्हणाले, "अवं, चालून येऊन राहिलं तं घे ना. पोरीच्या नशिबानं आलं."

"पोरीच्या नशिबानं नाही आलं, पत्रा वाजवल्यानं आलं," मी म्हटलं. "उद्या तो फोटो बोर्डावर लावतीन. पाहा, वस्तीवाले खुश आहेत म्हणून सांगतीन."

"लावू दे. तुले काय वाटते, लाटण्यानं पत्रा ठोकला म्हणून कंपनी पळून जाईन? लॉन तं होणारच आहे. आपण नाही गेलो तं दुसरं कोणी जाईन. मले माह्या पोरीचा कार्यक्रम चांगला करायचा आहे, यात काय चूक आहे, सांग ना!"

चूक काहीच नव्हती. मी मशीनवर जाऊन बसले आणि दुसऱ्या कुणाच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

मुलगी लॅबमधून आली. पेढ्यांचा डबा पाहून तिनं विचारलं, बाबांनी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले तलावावरच साक्षगंध पाहिजे."

मी मशीनचं चाक थांबवलं. हे खुश झाले.

"पण त्याच्या लॉनवर नाही," ती पुढे म्हणाली. "माह्या बाकाजवळ. कंपनीचं काहीच नको. सतरंजी आपली, चिवडा आपला."

"फाटकाले साखळी आहे, पोरी," हे म्हणाले.

"मग फाटकासमोर बसू."

हे उठून बाहेर गेले ते जेवायलाच आले. ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "इवाई काय म्हणतीन ते तू सांभाळ." पेढे त्यांनीच दुसऱ्या दिवशी जाऊन गार्डच्या हातात परत दिले.

व्याह्यांना सांगायला मी आणि हे एसटीनं नरखेडला गेलो. गावाच्या आधीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मोटारपंपांचा आवाज. त्यांच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. व्याही ऐकता ऐकता कडक होत गेले.

"इहीणबाई, माह्ये साळे येतीन, पुण्याचे पाहुणे येतीन. त्याइले रस्त्यावर बसवू का मी? लोकं मले काय म्हणतीन? आणि फुकटचं लॉन मिळून राहिलं तं नाही काहून म्हणता?"

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, "रस्त्यावर आम्हालाही आवडत नाही. पण आत जायची वाट त्यांनी बंद केली. मी त्यांच्या दारानं पाहुणी म्हणून गेले तर ते दार त्यांचंच आहे असं मी कबूल केल्यासारखं होईल."

विहीणबाई आतून चहा घेऊन आल्या. इतका वेळ त्या दाराआडून ऐकत होत्या. कप खाली ठेवून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपली पांदण त्या बाजूवाल्यानं नांगरून घेतली तवा तुमी काय केलं होतं?"

पांदण म्हणजे वावरात जायची गावाची सामाईक वाट.

"ते येगळं होतं," व्याही म्हणाले.

"काय येगळं होतं? तो तं म्हणे, माह्या वावरातून जा, मी नाही म्हणत नाही. तवा तुमी आरडाओरडा केला होता. म्हणे, त्याच्या मेहरबानीनं काहून जाऊ, वाट गावाची आहे. आठ दिवस जेवले नाही नीट. माह्या डोक्यावर वैरणीचा भारा, आणि मले म्हणे, त्याच्या वावरातून जायचं नाही, लांबून ये."

व्याह्यांनी चहा संपवला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "सावली तं आहे ना तिथी?"

"आहे," मी म्हटलं. "फाटकाबाहेरही एक कडुनिंब आहे."

"मग ठीक आहे. पण जेवण सावलीत पाहिजे."

रविवारी सकाळी आम्ही फाटकासमोर, कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या. चालायला येणाऱ्या सगळ्या बाया नटून आल्या होत्या. ताईंनी मोरपिशी साडी नेसली होती, पायात मात्र तेच बूट. म्हाताऱ्यांनी पानसुपारीची जबाबदारी घेतली. नरखेडची मंडळी जीपमधून उतरली, आणि व्याह्यांनी सगळ्यात आधी संत्र्यांच्या पेट्या उतरवून घेतल्या. पुण्याचे पाहुणे उभे राहून पत्र्याकडे बघत होते. आपण पोरीच्या आयुष्यातला दिवस खराब तर करत नाही ना, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

गार्डनं फोन केला, मॅनेजर आला. आज तोंडात साखर नव्हती. "हा काय तमाशा आहे? फाटकासमोर बसता येणार नाही. आत माल जायचा आहे."

आणि खरोखरच रेतीचा ट्रक आला. आमच्या सतरंजीपाशी येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. मुलीला हळद-कुंकू लावायला बसवलं होतं. ती हलली नाही. विहीणबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावता लावता ट्रकवाल्याकडे असं पाहिलं की त्यानं हॉर्नवरचा हात काढला.

"उठा, ट्रक आत जाऊ द्या," मॅनेजर ओरडला. व्याही कमरेवर हात ठेवून पुढे झाले.

"उठतो ना, साहेब. पण बसू कुठी ते सांगा. बाई, पोरगी, म्हातारे माणसं आहेत. तुमी सांगा, आमी तिथी बसतो."

"ते माझं काम नाही!" मॅनेजर गार्डवर खेकसला, "फाटक उघड! पूर्ण उघड! ट्रक घे आत, मग हे उठतातच."

गार्डनं साखळी काढली. फाटकाची दोन्ही दारं करकरत उघडली. कित्येक दिवसांनी मला आतली वाट दिसली, आणि तिच्या शेवटी पाणी.

ताई उठल्या. साडीला लागलेलं गवत झटकलं. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला गं बायांनो, साहेबांनी फाटक उघडलं." आणि चालायला लागल्या.

मला आजही सांगता येणार नाही की पहिलं कोण उठलं. सतरंज्यांचे कोपरे धरून, ओटीचं ताट, पेढे, संत्र्यांच्या पेट्या उचलून सगळी मंडळी त्यांच्या मागून निघाली. पुण्याचे पाहुणेसुद्धा. माझ्या मुलीनं शालू वर धरला आणि ती जवळजवळ धावत गेली. गार्ड फाटक लावायला पुढे झाला, पण तोवर ट्रकवाल्यानं रिकामी जागा पाहून ट्रक पुढे घेतला होता. ट्रक बरोब्बर दोन दारांच्या मध्ये. मॅनेजर त्याला मागे घे म्हणत होता आणि मागे जीप उभी होती. शेवटी ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तोही आमच्या मागे आला.

आत पाऊल टाकलं आणि माझा आनंद तिथेच विझला. वाटेच्या डाव्या अंगाचे कडुनिंब गेले होते. नुसते बुंधे. जमिनीत खड्डे, त्यातून वर आलेल्या सळ्या. करंज उभा होता, पण त्याखालचा बाक उपटून पालथा टाकलेला. मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा होणारा नवरा आणि त्याचे दोन मामा पुढे झाले, त्यांनी तो बाक उचलून सरळ केला, खालच्या बाजूला दगड लावला. माझ्या नवऱ्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो पुसला. आमची मुलगी त्यावर बसली आणि तिची ओटी भरली गेली. अंगठी घातली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी मागच्या पत्र्यावरही थाप मारली.

तोपर्यंत मॅनेजरनं बोलावलेले पोलीस आले. एक साहेब आणि एक बाई शिपाई. साहेबांनी नवरा-नवरीकडे पाहिलं, सळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आटपा लवकर." व्याह्यांनी त्यांच्या हातात संत्रं दिलं. ते हातात धरूनच उभे राहिले.

मॅनेजर माझ्याजवळ आला. "काकू, हे तुम्हाला महागात पडेल."

मी पेढ्यांचं ताट त्याच्यापुढे धरलं. मी म्हटलं, "पहिला कार्यक्रम आमचाच व्हावा अशी तुमची इच्छा होती ना, भाऊ? झाला. पेढा घ्या."

त्यानं घेतला नाही.

महागात पडलंच. चार दिवसांनी मला आणि ताईंना ठाण्यात बोलावणं आलं. परवानगीशिवाय जमाव, कंपनीच्या कामात अडथळा, असं बरंच काही. मी आयुष्यात ठाण्याची पायरी चढले नव्हते. हे म्हणाले, मी येतो. मला वाटलं आता तिथे हात जोडतील, माफी मागतील. साहेबांनी आमची नावं लिहायला घेतली तेव्हा हे टेबलापाशी जाऊन म्हणाले, "माह्यंही नाव लिहा. सतरंजी मी आणली होती." मग आमच्या मागोमाग आलेल्या पत्तेवाल्या म्हाताऱ्यांतला एकेक पुढे सरकला. पानसुपारी मी आणली होती, पाण्याचा कॅन माझा होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

साक्षगंधाचे फोटो मात्र गावभर झाले. मुलीचा शालू आणि मागे त्या सळ्या. ते पाहून शहरातले काही लोक आमच्यापर्यंत आले, त्यांच्यात वकीलही होते. तलावाचं प्रकरण कोर्टात गेलं. सुनावण्यांना आम्ही जायचो, मागच्या बाकांवर बसायचो. तिथलं बोलणं अर्धं कळायचं नाही. एका दिवशी वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, पुढचा निकाल लागेपर्यंत काम थांबवायचं आणि आमच्या बाजूची वाट लोकांना मोकळी करून द्यायची, असा आदेश झाला. पत्रे काढले त्या सकाळी आम्ही सगळ्या तिथेच होतो. मजूर एकेक पत्रा उतरवत होते आणि आम्ही त्यांना चहा देत होतो.

सगळं परत मिळालं असं मी सांगणार नाही. पलीकडच्या काठावरचं हॉटेल आदेशाच्या आधीच उभं राहिलं होतं, ते आजही चालू आहे. संध्याकाळी तिथले दिवे पाण्यात दिसतात, गाणी ऐकू येतात. तिथे जायला तिकीट आहे. तोडलेले कडुनिंब परत येणार नाहीत. आम्ही लावलेली रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत, त्यातली निम्मी बकऱ्यांनी खाल्ली. ताईंचा गुडघा आता साथ देत नाही, त्या अर्ध्या फेरीनंतर बसतात आणि आमची वाट बघतात.

लोक मला समजावतात. अर्धा तलाव तर मिळाला, आता बस करा, कंपनीशी बोलून घ्या, थोडं त्यांचं थोडं तुमचं. मी त्यांना विचारते, अर्धं पाणी कोणतं? बोट लावून दाखवा.

गेल्या महिन्यात दोन माणसं मोजणीला आली. नवीन योजना आहे, नाव वेगळं आहे, चित्र अजून लागलेलं नाही. आम्ही बांधावर बसून शेंगा सोलत होतो. त्यांच्यातला एक तरुण साहेब म्हणाला, "मावशी, जरा उठता का? टेप टाकायची आहे."

ताईंनी शेंगेचं टरफल बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "आम्ही इथेच बसतो, बाळा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सरकून ताईंच्या आणखी जवळ बसले. मग त्याच्या सोबत्यानं टेपचं दुसरं टोक धरलं आणि दोघं आम्हाला वळसा घालून पुढे गेले.